विंडोज ९८ चा थिंकपॅड आजच्या इंटरनेटला जोडताना

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. आजोबांचा आयबीएम थिंकपॅड ६००ई माळ्यावरून खाली काढला, तो चालू झाला. त्यात विंडोज ९८ सेकंड एडिशन आहे आणि आजोबांनी शिवाजी फॉन्टमध्ये टाईप केलेले बरेच लेख वर्डमध्ये पडून आहेत. तो नेटला जोडावा म्हणून जुन्या बाजारातून एक वायफाय कार्ड आणलं. त्याला घरचं नेटवर्क दिसतं, पण पासवर्ड घालूनही ते जोडलं जात नाही. राउटरवर जुनी डब्ल्यूईपी सुरक्षा लावून बघू का, आणि इंटरनेट एक्सप्लोरर काही केलं तरी एकही साइट का उघडत नाही, हे तुमचे दोन प्रश्न.

मी पुण्यात तेवीस वर्षं लॅपटॉप दुरुस्त करते. सुरुवातीची काही वर्षं तर टेबलावर यायचे ते याच पिढीचे लॅपटॉप. त्यामुळे आधी एक गोष्ट सांगते, ती डोक्यात राहिली तर पुढचं सगळं सोपं जाईल. ‘ऑनलाइन आणणं’ म्हणजे इथे दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम लॅपटॉप घरच्या नेटवर्कवर आणण्याचं. ते एका दुपारी होतं, आणि विंडोज ९८ ते आजही चोख करतं. दुसरं काम आजच्या वेबसाइट उघडण्याचं. ते त्या लॅपटॉपच्या आत होणार नाही, त्यासाठी लॅपटॉप आणि इंटरनेट यांच्यामध्ये एक नवं यंत्र बसवावं लागतं. लोक ही दोन कामं एकच समजतात. मग साइट उघडली नाही की कार्ड बदलतात, ड्रायव्हर बदलतात, विंडोज पुन्हा टाकतात आणि महिनाभराने यंत्र परत माळ्यावर जातं. तुमचं तसं होऊ नये.

पण जोडाजोडीच्या आधी डिस्कची नक्कल काढा. हे मी आग्रहाने सांगतेय. पंचवीस वर्षांची हार्ड डिस्क आज फिरतेय म्हणजे उद्या फिरेलच असं नाही, आणि आजोबांच्या लेखांची दुसरी प्रत कुठेही नाही. डिस्क अडीच इंची, ४४ पिनांची, आयडीई या जुन्या जोडणीची आहे. ती यूएसबीला जोडायचा छोटा ॲडॅप्टर इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात सहज मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. डिस्क बाहेर काढा, नव्या संगणकाला लावा, लिनक्सवर डीडीरेस्क्यू या नक्कल काढणाऱ्या प्रोग्रामने तिची पूर्ण प्रतिमा एका फाइलमध्ये उतरवा. विंडोजवर ती लावून नुसत्या फाइली ओढू नका. आख्खी प्रतिमा हातात असेल तर पुढे काहीही बिघडलं तरी मूळ जागी परत जाता येतं. माझ्याकडे एकदा एका मासिकाच्या संपादकांचा लॅपटॉप आला होता. आधी कुणीतरी ‘नेट चालू करून देतो’ म्हणून विंडोज नव्याने टाकलं होतं आणि त्याखाली अकरा वर्षांचे अंक गेले. त्यातले काही मला परत मिळाले, सगळे नाही. तेव्हापासून नक्कल काढल्याशिवाय मी एकाही जुन्या यंत्राचा स्क्रू पिळत नाही.

दुसरी तयारी घड्याळाची. चालू करताना पडद्यावर १६१ आणि १६३ असे आकडे येत असतील, तर आतली छोटी बॅटरी संपली आहे आणि तारीख-वेळ पुसली गेली आहे. ती नाण्याएवढी बॅटरी बदला, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, आजची तारीख घाला. ही शोभेची गोष्ट नाही. सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र कधीपासून कधीपर्यंत वैध आहे हे ब्राउझर लॅपटॉपच्या घड्याळावरून ठरवतो. घड्याळ १९८० दाखवत असेल तर जगातलं कुठलंच प्रमाणपत्र त्याला खरं वाटणार नाही.

आता वायफाय. तुमचं कार्ड नेटवर्क बघू शकतं पण जोडू शकत नाही, याचं कारण कार्ड खराब आहे असं नाही. ते ८०२.११बी पिढीचं आहे, म्हणजे १९९९ च्या मानकातलं, सेकंदाला जास्तीत जास्त ११ मेगाबिट. त्या काळात वायफायची एकच सुरक्षा होती, डब्ल्यूईपी. तिच्यातली मूलभूत चूक २००१ मध्ये जगजाहीर झाली, म्हणून २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आलं. तुमचा आजचा राउटर डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ बोलतो. विंडोज ९८ ला स्वतःचं वायफायचं ज्ञान अजिबात नाही. कार्डाबरोबर आलेली युटिलिटी जेवढं जाणते तेवढंच. नंतरच्या काही कार्डबस कार्डांना (ही जात कशी ओळखायची ते खाली सांगते), उदाहरणार्थ रालिंकच्या आरटी२५०० चिपच्या कार्डांना, ९८ साठीचे ड्रायव्हर होते आणि त्यांची युटिलिटी डब्ल्यूपीए जाणत होती. ते नेमकं कार्ड हाती लागलं तर प्रयत्न करायला हरकत नाही. पण त्याच्या शोधात महिने घालवू नका.

आणि राउटरवर डब्ल्यूईपी लावू नका. डब्ल्यूईपीची किल्ली आज काही मिनिटांत फोडता येते, आणि त्याच राउटरवर घरातल्या सगळ्यांचे फोन असतात. एका लॅपटॉपसाठी आख्ख्या घराचं दार उघडं टाकायचं नाही.

उपाय तार. लॅपटॉपला तारेचं नेटवर्क कार्ड लावा. राउटर त्याच खोलीत असेल तर थेट त्याच्या पोर्टला जोडा. नसेल तर तळहातावर मावणारा छोटा प्रवासी राउटर घ्या आणि त्याला क्लायंट मोडमध्ये ठेवा. तो घरचं वायफाय आधुनिक सुरक्षेसह पकडतो आणि दुसऱ्या टोकाला तारेने लॅपटॉपला देतो. लॅपटॉपला वाटतं आपण साध्या तारेवर आहोत. वायफायचा पासवर्ड, सुरक्षेचं मानक, सगळं त्या डबीचं काम. पुढे डब्ल्यूपीए४ आलं तरी डबी बदलायची, लॅपटॉपला हात लावायचा नाही.

६००ई मध्ये तारेचं पोर्ट मुळातच नाही, त्यामुळे पीसीएमसीआयए, म्हणजे लॅपटॉपच्या कडेच्या खणात सरकवायचं कार्ड लागेल. ही कार्डं दोन जातींची. हातात घेतलंत की ओळखता येतात. ज्या टोकाला छिद्रांच्या दोन रांगा असतात, त्याच्या वरच्या बाजूला सोनेरी धातूची पट्टी आणि तिच्यावर बोटाला लागणारे छोटे उंचवटे असतील तर ते ३२ बिटी कार्डबस. पट्टी नसेल तर बहुधा जुनं १६ बिटी. तुमच्या ६००ई मध्ये दोन्ही चालतात. पण त्याच्याही आधीचा, १९९४-९५ चा लॅपटॉप असेल तर त्यात कार्डबस आत जाणारच नाही, त्याची खाचच वेगळी असते. जोर लावू नका, आतल्या पिना वाकल्या तर तो खण गेला.

कार्ड विकत घेताना सगळ्यात मोठी फसगत होते ती शेपटीची. बऱ्याच कार्डांना नेटवर्कची तार थेट लागत नाही, मध्ये एक छोटी चपटी वायर लागते. आम्ही तिला शेपटीच म्हणतो. ती प्रत्येक कंपनीची वेगळी, एकाची दुसऱ्याला लागत नाही, आणि पंचवीस वर्षांत पहिली हरवते ती हीच. शेपटीशिवाय कार्ड कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. थ्रीकॉमच्या काही कार्डांना कडेला दाबलं की बाहेर येणारं खाचेचं तोंड असतं, झिरकॉमची काही जाड कार्डं थेट पोर्टच घेऊन येतात. अशी मिळाली तर उत्तम. माझी पसंती थ्रीकॉमच्या ३सी५८९ ला. वेग फक्त १० मेगाबिट, पण त्याचा ड्रायव्हर विंडोज ९८ मध्ये आधीच आहे, कार्ड आत सरकवलं की बीप वाजतो आणि विंडोज त्याला नावाने ओळखतं. दुसरी निवड रिअलटेक ८१३९ चिपचं कोणतंही कार्डबस कार्ड. त्याचा ड्रायव्हर वेगळा द्यावा लागतो, पण तो फ्लॉपीवर मावतो.

ड्रायव्हर लॅपटॉपमध्ये न्यायचा कसा, हाही प्रश्न येतो. पेन ड्राइव्ह लावून उपयोग नाही, विंडोज ९८ ला प्रत्येक पेन ड्राइव्हसाठी वेगळा ड्रायव्हर लागतो. माझा नेहमीचा मार्ग म्हणजे जुन्या कॅमेऱ्यातलं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि ते पीसीएमसीआयए खणात बसवायचा साधा ॲडॅप्टर. त्यात इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ काहीच नाही, नुसत्या पिना जुळवलेल्या आहेत. विंडोज ९८ त्याला कुठल्याही ड्रायव्हरशिवाय डिस्क म्हणून दाखवतं. दोन गीगाबाइटपर्यंतचं कार्ड घ्या. हा ॲडॅप्टर नेट जोडून झाल्यावरही कामाला येतो.

ड्रायव्हर टाकताना विंडोज ९८ ची सीडी मागितली जाईल. घाबरू नका. सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरात ऑप्शन्स आणि त्यात कॅब्ज नावाचं फोल्डर आहे का पाहा. अनेक लॅपटॉपवर सीडीतल्या सगळ्या फाइली तिथे आधीच ठेवलेल्या असत. विचारलं की तो पत्ता द्यायचा. नसेल तर सीडीतलं विन९८ फोल्डर फ्लॅश कार्डावरून तिथे कॉपी करा, कायमची कटकट मिटते.

मग कंट्रोल पॅनेलमध्ये नेटवर्क उघडा. यादीत तुमचं कार्ड आणि त्याच्याशी बांधलेला टीसीपी/आयपी, म्हणजे इंटरनेटवर बोलायची भाषा, दिसला पाहिजे. त्याच्या गुणधर्मांत पत्ता आपोआप घेण्याचा पर्याय ठेवा. यादीत फाइल आणि प्रिंटर शेअरिंग असेल तर काढून टाका. रीस्टार्ट करा. विंडोज ९८ नेटवर्कमध्ये छोटा बदल केला तरी रीस्टार्ट मागतं, त्याला इलाज नाही.

आता पत्ता मिळाला का ते बघायचं. रनमध्ये विनआयपीसीएफजी टाईप करा. इथे हमखास गोंधळ होतो. ती चौकट उघडते तेव्हा वरच्या यादीत ‘पीपीपी ॲडॅप्टर’ निवडलेला असतो आणि खाली सगळी शून्यं. लोक समजतात काहीच मिळालं नाही. पीपीपी म्हणजे डायलअप मोडेम. यादी खाली ओढून तुमचं कार्ड निवडा. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर काम झालं. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने उत्तर दिलेलं नाही आणि विंडोजने स्वतःच एक पत्ता घेतलाय. मग तार, शेपटी आणि कार्डावरचा दिवा तपासा. दिवा लागतच नसेल आणि तुमचा राउटर अगदी नवा, अडीच गीगाबिटच्या पोर्टचा असेल, तर एक शक्यता आहे. अशी काही पोर्टं १० मेगाबिटवर उतरतच नाहीत. मध्ये एक जुना १०/१०० चा स्विच ठेवा, दोघांचं जुळतं.

पत्ता आला की डॉस प्रॉम्प्टमधून आधी राउटरला पिंग करा, म्हणजे ‘आहेस का’ असं विचारा, मग ८.८.८.८ या गुगलच्या सर्व्हरला. दोन्हीकडून उत्तर आलं म्हणजे १९९९ चं यंत्र आजच्या इंटरनेटवर आहे.

आता इंटरनेट एक्सप्लोरर उघडा. तुमच्याकडे बहुधा एक चौकट समोर येईल, डायलअपची. त्यात आजोबांचं वापरकर्ता नाव, तारकांमागे लपलेला पासवर्ड आणि एक फोन नंबर असेल. भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू झालं ते विदेश संचार निगमने, १५ ऑगस्ट १९९५ ला. खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली १९९८ च्या शेवटी. म्हणजे हा लॅपटॉप घेतला तेव्हा घरात नेट म्हणजे फोनची लाइन अडवून ठेवणं, एवढाच अर्थ होता. ती नोंद पुसू नका, तीही आजोबांचीच आहे. फक्त इंटरनेट ऑप्शन्समध्ये कनेक्शन्सच्या पानावर ‘कधीही डायल करू नका’ हा पर्याय निवडा. मोडेमवरून नेट घेण्याचा विचार मात्र सोडून द्या, तो मार्ग आता उरलेला नाही.

पहिली साइट म्हणून गुगल उघडू नका. पत्त्याच्या जागी एचटीटीपी लिहून इन्फो डॉट सर्न डॉट सीएच टाका. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत १९९१ साली सुरू झालेल्या जगातल्या पहिल्या वेबसाइटचं हे घर. ते आजही साध्या, कुलूप नसलेल्या एचटीटीपीवर उघडतं. पांढऱ्या पानावर काळी अक्षरं आणि निळे दुवे, क्षणात येतात. माझ्या टेबलावर आलेल्या प्रत्येक जुन्या यंत्राची शेवटची चाचणी हीच असते. ते पान आलं म्हणजे कार्ड, तार, पत्ता, नावं शोधणं, सगळं ठीक आहे. यापुढे काही उघडलं नाही तर नेटवर्कला दोष द्यायचा नाही.

मग बाकीचं जग का उघडत नाही? आज जवळजवळ प्रत्येक साइट एचटीटीपीएसवर आहे. संभाषण सुरू होण्याआधी ब्राउझर आणि सर्व्हर कुलपाची पद्धत ठरवतात. या पद्धतीचं नाव टीएलएस. सर्व्हर म्हणतो, मला किमान टीएलएस १.२ हवं. ते मानक २००८ चं. तुमच्या ९८ मधला इंटरनेट एक्सप्लोरर ५ फार तर टीएलएस १.० पर्यंत जातो, आणि १.० व १.१ हे दोन्ही मोठ्या ब्राउझरांनी २०२० मध्ये बंद केले, सर्व्हरही एकामागून एक बंद करत गेले. दोघांना येणारी भाषाच एक नाही, म्हणून सर्व्हर फोन ठेवून देतो आणि एक्सप्लोरर ‘पान दाखवता येत नाही’ एवढंच सांगतो. खरं कारण तो सांगत नाही, म्हणून माणसं तारा तपासत बसतात. समजा इथून पुढे गेलात, तरी आजची प्रमाणपत्रं एसएचए-२५६ ने सही केलेली असतात, ती सही विंडोज ९८ ला वाचता येत नाही. आणि तीही अडचण टळली, तरी आजच्या एका बातमीच्या पानातली जावास्क्रिप्ट पेंटियम टू आणि त्या काळची मेमरी यांच्या आवाक्याबाहेरची आहे.

रेट्रोझिला नावाचा एक ब्राउझर आहे, जुन्या फायरफॉक्सच्या गाभ्यावर कुणीतरी फार मायेने टीएलएस १.२ बसवलंय. तो ९८ वर चालतो आणि साध्या मांडणीच्या साइट त्यात उघडतात. जरूर टाकून बघा. फ्रॉगफाइंड ही साइटही साध्या एचटीटीपीवर उघडते, शोधून देते आणि पानातला नुसता मजकूर काढून समोर ठेवते. इंग्रजी वाचायला ती छान आहे. मराठी मजकूर मात्र तुम्हाला दोन्हीकडे त्रास देईल, कारण विंडोज ९८ मध्ये मुळात देवनागरीची सोय नाही. मायक्रोसॉफ्टने ती दिली विंडोज २००० पासून, मंगल फॉन्टसह.

म्हणून माझा खरा सल्ला डब्ल्यूआरपी. हा एक छोटा मोफत प्रोग्राम आहे. तो नव्या यंत्रावर चालवायचा, घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर. त्याच यंत्रावरचा आजचा क्रोमियम, म्हणजे गुगल क्रोमचा मूळ ब्राउझर, तो वापरतो. तुम्ही थिंकपॅडवरून पत्ता सांगता, तो क्रोमियममध्ये ते पान उघडतो, कुलपं, प्रमाणपत्रं, जावास्क्रिप्ट सगळं तिथेच निस्तरतो, आणि तयार पानाचं एक चित्र काढून थिंकपॅडला पाठवतो. चित्रावर जिथे क्लिक कराल ती जागा परत क्रोमियमला कळते. चित्र बघायला इंटरनेट एक्सप्लोरर ५ पुरेसा आहे. तो प्रॉक्सी म्हणून ब्राउझरच्या सेटिंगमध्ये टाकायचा नाही, नव्या यंत्राचा पत्ता आणि पुढे ८०८० हे पोर्ट असं थेट पत्त्याच्या जागी लिहायचं. थिंकपॅडचा पडदा १०२४ गुणिले ७६८ आहे, तेव्हा चित्राची रुंदी १००० च्या आत ठेवा, प्रकार जीआयएफ आणि रंग कमी ठेवा. पीएनजी सुंदर दिसतं, पण जुन्या प्रोसेसरला ते उलगडायला वेळ लागतो.

आणि यात आपल्यासाठी एक मोठा लाभ आहे. पान चित्र होऊन येतं म्हणजे मराठीही चित्र होऊन येते. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या, सगळं जागच्या जागी. विंडोज ९८ ला देवनागरी कळण्याची गरजच राहत नाही. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मात्र मराठी विकिपीडियाच्या जागी नुसते चौकोन आले. तासभर मी थिंकपॅडमध्ये दोष शोधत होते. चूक रास्पबेरी पायमध्ये होती. चित्र तिथे काढलं जातं, तेव्हा देवनागरी फॉन्ट तिथे हवा, आणि रास्पबेरी पायच्या हलक्या लिनक्समध्ये तो नसतो. फॉन्ट्स-देवा किंवा नोटोचं पॅकेज टाकलं, डब्ल्यूआरपी पुन्हा चालू केला आणि मुखपृष्ठ लख्ख उमटलं. विंडोज ९८ च्या करड्या चौकटीत ते मराठी पान बघताना झालेला आनंद मला अजून आठवतो.

आता लेख बाहेर काढण्याचं. नक्कल काढलीच असेल तर ते तिच्यातूनही निघतील. पण आजोबा अजून त्याच यंत्रावर लिहिणार असतील तर फाइली इकडून तिकडे नेण्याची कायमची वाट हवी. विंडोजचं जुनं शेअरिंग वापरू नका. ९८ ज्या पद्धतीने बोलतं ती विंडोज १० ने २०१७ पासून आपोआप देणं बंद केलंय, आणि ती पुन्हा चालू करणं धोक्याचं आहे. एफटीपी वापरा. ही फाइली पाठवण्याची जुनी पद्धत आहे. अँड्रॉइड फोनवर एफटीपी सर्व्हरचं कुठलंही साधं ॲप टाका, ते पत्ता आणि बहुधा २१२१ हे पोर्ट दाखवेल. थिंकपॅडच्या डॉस प्रॉम्प्टवर एफटीपी लिहून एंटर करा, मग ओपन, जागा, पत्ता, जागा, २१२१. पोर्ट असं आतूनच द्यावं लागतं. नंतर लगेच ‘बायनरी’ ही आज्ञा द्या. ती दिली नाही तर फाइल मजकूर समजून पाठवली जाते आणि वर्डची फाइल पलीकडे मोडून पोचते, आकार जवळपास तेवढाच, म्हणून लवकर लक्षातही येत नाही. मग ‘प्रॉम्प्ट’ देऊन प्रत्येक फाइलसाठी विचारणं बंद करा आणि एमपुटने सगळ्या एकदम पाठवा.

इथे एक जागा आहे जिथे सगळे अडकतात. लॉगिन होतं, पण यादी मागितली की ‘पोर्ट कमांड सक्सेसफुल’ अशी ओळ येते आणि पुढे काहीच हलत नाही. कारण असं की ९८ चा एफटीपी फाइलींसाठी सर्व्हरला उलट आपल्याकडे जोडायला सांगतो. तुमची डबी क्लायंटऐवजी डब्ल्यूआयएसपी मोडमध्ये असेल तर ती लॅपटॉपभोवती दुसरं नेटवर्क तयार करते, आणि फोनला उलटा रस्ता सापडत नाही. डबी क्लायंट मोडमध्ये आणा, किंवा पॅसिव्हचा, म्हणजे उलट जोडणी न मागण्याचा, पर्याय असलेला जुना डब्ल्यूएस-एफटीपी प्रोग्राम वापरा. आणि फोन पाहुण्यांच्या वायफायवर नाही ना, तेही बघा. त्यावर एक यंत्र दुसऱ्याला दिसू नये अशीच रचना असते.

लेखांबरोबर फॉन्टही न्या. शिवाजी हा युनिकोड नाही. त्यात मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली आहेत, त्यामुळे फॉन्ट नसलेल्या यंत्रावर आजोबांचा लेख म्हणजे रोमन अक्षरांचा ढीग दिसेल. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातल्या शिवाजी नावाने सुरू होणाऱ्या सगळ्या फाइली उचला. युनिकोडमध्ये बदलायला खास त्या फॉन्टसाठीचा कन्व्हर्टरच वापरा. श्रीलिपी किंवा आकृती या दुसऱ्या मराठी फॉन्टांचा चालत नाही, प्रत्येकाची अक्षरांची वाटणी निराळी आहे. बदलल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार ओळीने तपासा. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाईप होते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. उलटापालट होते ती बहुतेक तिथेच.

आणि कन्व्हर्टरवर विसंबण्याआधी प्रत्येक लेखाचं पान जसं आहे तसं धरून ठेवा. त्याची एक युक्ती आहे. थिंकपॅडवर ॲपल लेझररायटरचा प्रिंटर जोडलाय असं सांगा, त्याचा ड्रायव्हर विंडोज ९८ मध्येच आहे, आणि पोर्ट म्हणून ‘फाइल’ निवडा. लेख छापला की कागदाऐवजी पोस्टस्क्रिप्टची, म्हणजे प्रिंटरच्या भाषेतली फाइल तयार होते. ती एफटीपीने नव्या यंत्रावर न्या आणि घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामने पीडीएफ करा. फॉन्ट त्याच्या आत बसून येतो, समास, ओळी, अधोरेखितं, आजोबांनी पान जसं लावलं होतं तसंच राहतं.

सुरक्षेचं थोडक्यात. विंडोज ९८ ला मायक्रोसॉफ्टचा आधार ११ जुलै २००६ ला संपला. राउटरच्या मागे ठेवा, त्याच्यासाठी बाहेरून कुठलंही पोर्ट उघडू नका. डब्ल्यूआरपी आणि एफटीपी दोन्हीत तुम्ही टाईप केलेलं घरच्या नेटवर्कवर उघडंच जातं, तेव्हा बँक, ईमेल, कुठलाही खरा पासवर्ड या यंत्रावर घालायचा नाही. आजोबांना आऊटलुक एक्स्प्रेसमधूनच पत्र पाठवायची इच्छा असेल तर त्याच रास्पबेरी पायवर स्टनेल बसवता येतो. तो कुलपाचं काम स्वतःकडे घेतो आणि आऊटलुकशी साध्या भाषेत बोलतो. त्यासाठी वेगळं ईमेल खातं काढा, आणि त्यात महत्त्वाचं काही ठेवू नका.

आधी डिस्क, मग घड्याळ, मग कार्ड, मग सर्नचं पान, या क्रमाने जा. अडलात तर विनआयपीसीएफजीच्या चौकटीतले आकडे कळवा, पीपीपीचे नव्हे, कार्डाचे. आणि कार्डाचा ड्रायव्हर सापडत नसेल तर ते उलटं करून स्टिकरवरचा एफसीसी क्रमांक, म्हणजे अमेरिकेतल्या सरकारी नोंदणीचा क्रमांक, लिहून पाठवा. वरचं नाव विकणाऱ्याचं असतं, त्या क्रमांकावरून कार्ड मुळात कुणी बनवलंय ते शोधता येतं.